मेणाचा डावा हात

कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या साड्यांच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. वांद्र्यातल्या चिंबईच्या घराची दुरुस्ती निघाली होती आणि सामान हलवायला दोनच दिवस होते. आईला जाऊन आठ महिने झाले होते, तरी तिच्या कपाटाला कोणी हात लावला नव्हता. ते काम शेवटी थोरल्या मुलीच्याच वाट्याला आलं. तिने कागद उलगडला आणि आधी वास आला, मेणाचा, जरा खवट, जरा गोडसर. आत एक हात होता. वीतभर लांब, पिवळट, मनगटाशी संपलेला, करंगळीचं टोक तुटलेलं. डावा हात.

ती साड्यांच्या ढिगातच खाली बसली.

आईचा डावा हात कधी दुखल्याचं तिला आठवेना. वडिलांचा नाही, भावंडांपैकी कोणाचा नाही. वांद्र्याच्या डोंगरावरच्या मोतमाउलीला, म्हणजे मरियेला, वाहायला आणलेला हात असा कागदात का राहिला, हे विचारायलाही आता कोणी नव्हतं. आणि मेणाचा तो वास नाकात शिरला की तिला नेहमी एकच गोष्ट आठवते. गेली पन्नास वर्षं तीच आठवते.

१९७३ चा सप्टेंबर, मोतमाउलीची जत्रा. ती नऊ वर्षांची. आजीचं बोट धरून डोंगर चढत होती. दोन्ही बाजूंना मेणबत्त्यांची दुकानं, झेंडूचे हार आणि मेणाचे अवयव ओळीने मांडलेले: पाय, डोकी, डोळे, बाळं, छोटी घरं. तिला मेणाची बाहुली हवी होती. आजीने कमरेची पिशवी सोडली, नाणी मोजली आणि एक उजवा हात घेतला. आजी वांद्र्याच्या बाजारात मासळी विकायची. तिचे दोन्ही हात धडधाकट होते, पहाटे पाटी उचलणारे, कोयतीवर सपासप सुरमई कापणारे.

"कोनाचा हात गो आजी?"

आजीने उत्तर दिलं नाही. रांग सरकत राहिली. वेदीपाशी पोहोचल्यावर तिने तो हात बाकीच्या हातापायांच्या राशीत ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि क्षणभर डोळे मिटले. बाहेर आल्यावर, समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर, तिने बाजारातल्या एका बाईचं नाव घेतलं.

त्या बाईशी आजीचं भांडण होतं. साधंसुधं नव्हे. बाजारात बसायच्या जागेवरून सुरू झालेलं ते वैर तोवर सात-आठ वर्षांचं झालं होतं. दोघी शेजारी बसायच्या आणि एकमेकींच्या गिऱ्हाइकांना हाका मारायच्या. घरात त्या बाईचं नाव निघालं की आजीच्या तोंडून जे शब्द बाहेर पडायचे, ते मुलांनी ऐकू नयेत म्हणून आई दार लोटायची.

त्या पावसाळ्यात बाईच्या तळहातात शिंगाळा माशाचा काटा घुसला होता. शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर, दोन बाजूंना. त्यांना करवतीसारखे दाते असतात आणि विषही असतं. जाळ्यातून काढताना किंवा कापताना जरा नजर हलली की काटा आत जातो, आणि बाहेर काढताना मांस फाडत येतो. बाईचा हात कोपरापर्यंत सुजला. महिना उलटला तरी तिला पाटी उचलता येत नव्हती, आणि घरात कमावणारी ती एकटी.

"कोनाला बोलू नको," आजी म्हणाली. "तिला कळला तं तिला जड होईल."

मुलीने विचारलं, मग मोतमाउलीला कसं कळणार तो हात कोणाचा? आजी चालता चालता थांबली. म्हणाली, "तिचापन हात तोडलेला. तिला सांगावा लागत नाय."

वांद्र्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की १७०० साली अरब चाचे डोंगरावर आले आणि मूर्तीच्या हातातली झळाळणारी वस्तू सोन्याची समजून त्यांनी तिचा उजवा हातच तोडला. लोक वर्षानुवर्षं जिच्यापुढे मेणाचे हात ठेवत आलेत, ती स्वतः एकदा हात गमावून बसलेली. आजीला साल ठाऊक नव्हतं, तिला अक्षरओळखच नव्हती. पण तिच्या श्रद्धेचा सगळा भार या एका गोष्टीवर होता. दुखणं काय असतं हे जिला ठाऊक आहे, तिच्याकडे जायचं.

मुलीला माउलीच्या डोंगराची गोष्ट शाळेत मात्र अडचणीची झाली. सातवीत इतिहासाच्या तासाला वसईची लढाई आली. १७३९, चिमाजी अप्पा, पोर्तुगिजांचा पराभव. तिने धडा पाठ केला, वर्गात अभिमानाने म्हणूनही दाखवला. मग तिला कळलं की त्याच धामधुमीत डोंगरावरचं जुनं चॅपल जमीनदोस्त झालं होतं आणि १७६० च्या सुमारास ते पुन्हा उभं राहिलं. आपण कोणाच्या बाजूने उभं राहायचं, हे तिला ठरवता येईना. तिने आजीला विचारलं. आजी बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "आपुन दर्याच्या बाजूचे."

पुढे नोकरीतल्या एका सहलीत ती नाशिकला गेली. गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाबाहेर ती प्रचंड घंटा पाहिली. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण सहज नारोशंकराची घंटा म्हणतो. ती घंटा वसईच्या विजयाची, पोर्तुगिजांकडून आलेली. तिच्यावर १७२१ साल आहे. कधीकाळी ती कोणत्या तरी चर्चच्या मनोऱ्यातून लोकांना मिस्साला बोलावत असणार. सोबतच्या बायका देवळात गेल्या. ही घंटेखाली उभी राहिली. राग आला नाही. एवढंच वाटलं की आजी इथे असती तर तिने हात जोडले असते, घंटेला आणि देवळालाही, आणि त्यात तिला काही विसंगत वाटलं नसतं.

तिच्या मनात सल आहे तो वेगळाच. पस्तीस वर्षं तिने कारकुनी केली, आणि एवढ्या वर्षांत किती जणांनी तिला कौतुकाने म्हटलं असेल, "अरे वा, तुमचं मराठी किती छान आहे!" नाव ऐकलं की लोकांना आश्चर्य वाटायचं. कोळ्यांचं घर, चिंबईचा किनारा, आजीच्या तोंडचं मराठी, आणि तरी तिला पाहुण्यासारखी शाबासकी. राचोलला १६१६ साली छापलेलं फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण दहा हजारांहून जास्त ओव्यांचं आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या त्या जेझुइटाने येशूची कथा सांगायला आपली ओवी घेतली. तिच्या घरी मात्र वेगळीच गंमत झाली. शाळेत गेलेली नातवंडं घरात इंग्रजी बोलू लागली आणि आजीच्या बोलीला "मासळीबाजारातली भाषा" म्हणू लागली. ते ती आजही विसरू शकत नाही. स्वतःसुद्धा एकदा असंच म्हणाली होती, हे तर नाहीच नाही.

आजीला कोकणी भजनं यायची, जुनी लॅटिन लितानी अर्थ न कळता पाठ होती, पण दुखलं-खुपलं की ती मराठीतच बोलायची. देवाशीसुद्धा. 'मोत' हा शब्द पोर्तुगीज 'मोंते', म्हणजे डोंगर, यावरून आला असं कोणी म्हणतं, कोणी मोती म्हणतं. 'माउली' शब्दाबद्दल मात्र वाद नाही. पंढरीच्या वाटेवर ज्या शब्दाने हाक मारतात, त्याच शब्दाने वांद्र्याचे कोळी मरियेला हाक मारत आले.

कॉलेजात तिने लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पुढे काही वर्षांनी त्या नवऱ्याच्या घरी परतल्या आणि त्यांच्या सोवळ्याचा एकेक पदर गळत गेला. त्या पुस्तकात तिला सगळ्यात जवळचा वाटला तो त्यांचा सरळपणा. आपला हट्ट, आपला राग, आपला भित्रेपणा त्या काही न लपवता सांगतात. श्रद्धा ठेवणारी बाई गोड असलीच पाहिजे, असा कुठलाच आग्रह तिथे नाही.

कारण आजी गोड नव्हती. हीच ती चिवट आठवण आहे, दर वेळी इथेच येऊन थांबणारी. मेणाचा हात ठेवून आल्यानंतर पंधरा दिवसांनी ती बाई बाजारात परतली. बोट ताठ झालं होतं, ते पुढे कधी नीट वाकलंच नाही. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण ती पाटी उचलू लागली. आणि पहिल्याच दिवशी आजीने तिच्याशी जागेवरून कडाक्याचं भांडण केलं. नऊ वर्षांची मुलगी पाटीमागे बसून हे बघत होती, आणि तिला रडू येत होतं. सांगून टाकावंसं वाटत होतं: हिने तुझ्यासाठी हात वाहिला! आजीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती गप्प बसली.

कितीतरी वर्षं तिला हे ढोंग वाटत असे. एक तर माफ करावं, नाहीतर नवस तरी करू नये. चाळिशीनंतर कधीतरी तिला दुसरी बाजू दिसली. आजीने गोड बोलायला सुरुवात केली असती तर त्या बाईला कळलं असतं की आपल्यावर दया केली गेलीय. भांडण चालू ठेवलं म्हणून ती बाई बरोबरीची राहिली, देणेकरी झाली नाही. आणि आजीने तो नवस म्हणूनही केला नव्हता. तिने हे बरं झालं तर ते देईन असा सौदा केलाच नाही. हात ठेवला आणि उतरली. पुढचं माउलीचं काम. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, ही येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली गोष्ट आजीने कधी वाचली नव्हती.

आता कपाटातला हा डावा हात. आजी १९८१ मध्ये गेली. म्हणजे हा आईचा. शांत, कमी बोलणारी, संध्याकाळी वाडीतल्या क्रुसापाशी लादीन, म्हणजे प्रार्थना, झाली की उकडलेले चणे वाटणारी आई. तो क्रूस १८९६ च्या प्लेगनंतरच्या दिवसांतला. वांद्र्याच्या गल्ल्यांत असे कितीतरी क्रूस त्या साथीच्या भीतीतून उभे राहिले. आई तिथे रोज दिवा लावायची. तीसुद्धा कोणासाठी तरी मेणाचे अवयव गुपचूप डोंगरावर नेत होती, हे तिच्या मुलीला साठीनंतर कळलं. कागदावरची तारीख २०२० च्या ऑगस्टची होती. म्हणजे हात जत्रेसाठी आधीच आणून ठेवलेला, आणि त्या वर्षी महामारीमुळे जत्राच भरली नाही. पुढे आईचे गुडघे गेले. कोणाचा तरी डावा हात पाच वर्षं फळीवर वाट बघत राहिला.

तो कोणाचा असेल, याचा तिने दोन दिवस विचार केला. शेजारणींचे हात आठवून पाहिले. कामवालीचा, दूधवाल्याचा, खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या पारशीणबाईंचा. मग तिच्या लक्षात आलं की आपण आईचं गुपित उकरतोय, आणि तिने थांबवलं.

परवा ती बाजारात गेली. पिशवीत तळाशी, रुमालात, तो हात होता. आठ सप्टेंबर, जत्रेचा काळ, जवळ आला होता आणि तो घरात ठेवायला भीती वाटत होती, सुताराच्या पायाखाली येईल म्हणून. मासळीच्या ओळीत आजीच्या जागेवर आता त्या बाईची नातसून बसते. तिला यातलं काही ठाऊक नाही. तिने मोठा शिंगाळा पुढे ओढला. कोयतीवर धरण्याआधी तिने त्याचे तिन्ही काटे एकेक करून मुळाशी तोडले आणि शेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकले.

"डब्यात कशाला?" हिने विचारलं.

"खाली पडले तं पायात जातात कोनाच्या. आमच्या घरची सवय हाय."

मग भाव निघाला. हिने कमी सांगितला. नातसून आवाज चढवून म्हणाली, या भावाने घ्यायचा असेल तर दुसरीकडे बघा. हीसुद्धा मागे हटली नाही. आजूबाजूच्या बायका वळून बघू लागल्या. पाचेक मिनिटं दोघी चांगल्या तावातावाने बोलल्या. शेवटी नातसुनेने मासा कागदात बांधला, वर कोथिंबिरीची एक काडी खोचली, आणि हिने पिशवी उघडून तो रुमालापासून जरा दूर, कडेला ठेवला.