आता मी ‘साइटवर शीक’ म्हणत नाही

बिल्डरकी शिकायला कॉलेज कशाला, असं मी अगदी परवापर्यंत ठामपणे म्हणत होतो. मी पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. सिव्हिल करावं, स्लॅब पडताना रात्रभर उभं राहावं, बाकीचं धंद्यात पडलं की येतं, असं माझं मत. लेकीने बारावीनंतर रिअल इस्टेटची पदवी घेते म्हटलं, तेव्हा मी विरोधच केला. आज तिच्या बाजूने आहे.

मत हललं ते आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासात. इमारत किती खचली आहे हे मी सांगू शकत होतो, पण काम अडलं होतं कागदावर. प्रॉपर्टी कार्डवर जमीन अजून मूळ मालकाच्या नावे. पै पै जोडून घरं घेतलेली माणसं, आणि पायाखालची जमीन त्यांची नाही! यावर उपाय आहे तो मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीविषयीचा १९६३चा कायदा. त्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याचा, अर्ज करायचा, हे सभासदांना समजावून सांगणारं कुणी नव्हतं. मलाही ते नीट सांगता येईना. त्यापुढे किती बांधता येईल हे ठरवणारे एफएसआय आणि टीडीआर, समोरच्या रस्त्याची रुंदी, आणि आम्ही बाहेर राहू त्या काळातलं भाडं. यातलं काहीही स्लॅबवर उभं राहून कळत नाही.

साइटवर शिकता येतं, हे आजही खरं आहे. पण नवशिक्याच्या चुकांची किंमत घर घेणारा मोजतो. पूर्वी एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्या जमिनीत गुंतायचे आणि पहिल्याचे लोक भाडं आणि हप्ता दोन्ही भरत बसायचे. म्हणून तर २०१६चा रेरा कायदा आला. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि काम जितकं पुढे सरकेल त्या प्रमाणातच काढायचे. त्यासाठी आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए अशा तिघांची प्रमाणपत्रं लागतात. त्या प्रमाणपत्रावर सही करताना मला जाणवतं, की हा व्यवसाय मुळात दुसऱ्याचे पैसे सांभाळण्याचा आहे. ते शिकवायलाच हवं, आणि ग्राहकाचा पैसा हाती येण्याआधी.

मात्र नाव पाहून प्रवेश घेऊ नये. काही अभ्यासक्रमांत रिअल इस्टेट म्हणजे फ्लॅट विकण्याचं मार्केटिंग, एवढंच दिसलं. आम्ही शोधलं ते वेगळं: जमिनीचे कायदे, मूल्यांकन, रोख प्रवाहाचं गणित, विकास नियंत्रण नियमावली, आणि एका खऱ्या भूखंडावर सात-बारापासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंतचा आराखडा करून घेणारा प्रकल्प. झोपडी, भाडेकरू, कूळ असलेली जमीन हाताळायला शिकवता का, हेही मी प्राध्यापकांना विचारलं. जिथे यावर अर्धा तास बोलणं झालं, तिथे तिने प्रवेश घेतला आहे.

पहिल्या सुट्टीत तिला साइटवर नेणार नाही. ओळखीच्या वकिलाकडे बसून एका जमिनीचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट तिने स्वतः करायचा, असं आमचं ठरलं आहे.