साडेचारचा फोन

आमच्या आईचा दिवस उजेडावर चालतो. फटफटलं की उठायचं, तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावायचा, नवाला अंथरूण. या शिस्तीत सत्तरी उलटली. 2023 च्या जूनमध्ये मात्र तिची गाठ अशा उजेडाशी पडली की जो जायचं नावच घेईना.

धाकटा भाऊ 2011 पासून इंग्लंडात. पोर्तुगीज पासपोर्टावर गेलेल्या आपल्या अनेक गोंयकारांपैकी एक. एका गोदामात कामाला आहे. मी सरकारी कारकून. साठवलेली रजा आणि एलटीसीत न बसणारा खर्च यांची कशीबशी सांगड घालून आईला घेऊन गेलो. भावाने आठ दिवसांसाठी मोटरहोम भाड्याने घेतलं. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड : पुढे ड्रायव्हरची सीट, मध्ये चूल-मोरी, मागे पलंग. निघालो स्कॉटलंडच्या उत्तरेला.

आपल्याकडे वर्षातला मोठ्यात मोठा दिवस तेरा तासांहून जरासाच मोठा. इन्व्हर्नेसला जूनमध्ये तो सुमारे 18 तासांचा. सूर्य रात्री सव्वादहाला मावळतो, पहाटे सव्वाचारला हजर. मधल्या वेळातही मिट्ट काळोख होत नाहीच. उत्तरेकडचं आकाश दुधाळ राहतं. पहिल्या रात्री आईने पडदा सारला तेव्हा साडेतीन वाजले होते. "उठा रे, उजवाडलें मरे!" झालं. सगळ्यांची झोप मोडली. दुसऱ्या दिवशी एकेरी रस्त्यावर भाऊ गाडी चालवत होता आणि त्याचे डोळे मिटत होते. समोरून लॉरी आली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. शेवटी एका पार्किंगमध्ये गाडी लावून तो दोन तास झोपला.

उठल्यावर म्हणाला, "आज काळोख मी करतो."

आणि मग त्याने जे केलं ते मी बघतच राहिलो. आधी गाडी वळवली. तिथे उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो, वायव्येला मावळतो; म्हणून पलंगाच्या खिडक्या दक्षिणेला केल्या. खिडकीला मूळचा पडदा असतो, पण त्याच्या कडेने उजेड झिरपतो. त्यावर त्याने मापाने कापलेले चंदेरी जाड पत्रे, प्लास्टिकचे हो, रबरी वाट्यांनी काचेला चिकटवले. ड्रायव्हरच्या पुढची मोठी काच तशीच झाकली. सगळ्यात खट्याळ ती छतातली खिडकी, नेमकी तोंडावर उजेड ओतणारी. तिला आतून काळं कापड. फ्रिजच्या इवल्याशा दिव्यावरसुद्धा काळी पट्टी. मी उत्साहाने छताजवळची जाळीही बुजवायला गेलो तर ओरडला, "ती नको! आत गॅस आहे, चार माणसांचा श्वास आहे. उजेड अडवायचा, हवा नाही." आणि सकाळी ऊन चढायच्या आत सगळं उघडायचं, नाहीतर पडदा आणि काच यांच्यामध्ये उष्णता कोंडून प्लास्टिकच्या काचा वाकतात.

वहिनीने डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या काढल्या. आई म्हणाली, "मी काय गांधारी?"

झोपायच्या आधी तासभर त्याने आतले दिवेही मंद केले. डोळ्यांत उजेड शिरत असला की मेंदू झोपेचं मेलाटोनिन सोडायला कुचराई करतो, हे त्याने सांगितलं. शरीरातलं हे घड्याळ कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं, हे मी वाचलं होतं. पण माझं ज्ञान वर्तमानपत्रातलं. त्याचं कुठलं?

आईनेही तेच विचारलं. "तुका हें कोणें शिकयलें, पुता?"

काळोखात तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, मी बारा वर्षं रात्रपाळीच करतो. रात्री दहा ते सकाळी सहा. खोलीच्या खिडक्यांना पुठ्ठे लावूनच दिवसा झोपतो."

आम्हाला कुणाला हे ठाऊक नव्हतं. गोदामात कामाला, एवढंच. आई रोज चहा झाला की साडेचारला त्याला फोन करायची. उन्हाळ्यात तेव्हा तिथे बरोबर दुपारचे बारा. म्हणजे त्याची मध्यरात्र. बारा वर्षं तो दुसऱ्या रिंगला फोन उचलत होता. आवाज घोगरा यायचा. आईला वाटायचं थंड हवेचा देश, सर्दी असणारच. ती त्याला आलं-मिऱ्याचा काढा सांगायची, आणि तो "घेतां, घेतां" म्हणायचा.

आई काही बोलली नाही. आमच्या जुन्या घरात बिनखिडकीची एक काळोखी कूड होती. मे महिन्याच्या दुपारी ती आम्हा दोघांना तिथे झोपवायची आणि दार लोटून घ्यायची. त्या रात्री गाडीतला काळोख तसाच होता. सकाळी मला जाग आली तेव्हा आठ वाजले होते. आई केव्हाचीच जागी होती, पण पडद्याला तिने हात लावला नव्हता. काळोखात नुसती बसून होती, भाऊ उठेपर्यंत.

आता ती साडेचारला चहा पिते आणि फोनकडे बघत बसते. तुळशीपुढे दिवा लागतो, परवचा होते, साडेसात वाजतात. मग ती नंबर लावते. तिथे तेव्हा दुपारचे तीन; तो नुकताच उठलेला असतो. थंडीत त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा ती साडेआठपर्यंत थांबते.

आवाज अजूनही थोडा घोगराच येतो. पण काढ्याचं ती आता सांगत नाही. विचारते, "न्हिदलो मरे बरो?"