पिवळं तेवढं सोनं?

पार्कर 51चं पिवळं टोपण भिंगाखाली धरलं, तर काठाशी बारीक अक्षरं दिसली: '1/10 12के'. पेनावर अपूर्णांक कशाला? मॉडेलचा क्रमांक असावा, असं वाटलं. निघालं भलतंच. टोपणाच्या धातूच्या वजनाचा दहावा भाग 12 कॅरट सोनं, आणि 12 कॅरट म्हणजे निम्मंच सोनं. हिशेब केला तर शुद्ध सोनं विसावा हिस्सा, तेही फक्त वरच्या थरात. अमेरिकेत याला गोल्ड फिल्ड म्हणतात, इंग्लंडात रोल्ड गोल्ड. सोन्याचा पत्रा उष्णतेने नि दाबाने हलक्या धातूवर बसवून लाटतात. विजेच्या मुलाम्यापेक्षा हा थर बराच जाड, म्हणून वर्षानुवर्षं खिशात घासूनही टोपण पिवळंच.

तरी खात्री हवी म्हणून सराफाकडे गेलो. "काका, कस लावून सांगता का?"

त्यांनी पेन उलटसुलट पाहिलं. "कसोटीवर वरच्या सोन्याचीच रेघ उठणार. आतलं बघायचं तर कानस मारावी लागेल. मारू?"

मी पेन खिशात घातलं.

मग लोहचुंबक. ते साधं स्टील पकडतं. सोनं, चांदी, पितळ, कुणाकडेच ढुंकून बघत नाही. स्टेनलेसच्या काही जातींकडेसुद्धा नाही.

पांढऱ्या धातूंनी तर डोकंच उठवलं. वॉटरमनचं 52, काळ्या एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं. क्लिप नि शाई भरायची लिव्हर पांढरी. चांदी असती तर काळवंडली असती. क्रोम म्हणावं, तर क्रोमचा मुलामा रूढ झाला 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि हे पेन त्याआधीचं. शिवाय क्रोमची झाक निळसर. ही किंचित पिवळट, धुरकट. म्हणजे निकेल! धातू ओळखायला पेनाचं वय कामी येतं, हे आधी कळतं तर भिंगाचे पैसे वाचले असते. (वाचले नसतेच म्हणा, आता त्याची चटक लागलीय.)

एका बिननावाच्या पेनाने मात्र फार छळलं नाही. क्लिपच्या टोकाच्या गोळीवर, नेमकं कापड घासतं तिथे, मुलामा उडून खालचं हिरवट पितळ दिसत होतं. झीज बघायची ती अशाच जागी: गोळी, लिव्हरचं टोक, टोपणाचा काठ.

तुमच्या घरी असं पेन असेल तर त्याला चिंच, भांड्यांची पावडर, पॉलिश यातलं काहीही लावू नका. घासून गेलेला थर परत येत नाही, आणि त्याच्याबरोबर ती बारीक अक्षरंही पुसली जातात. मऊ, कोरडं कापड पुरे.