रोटची दैनंदिनी : कालव्याकाठचा रविवार

गुरुवार, ४ जुलै २०२४

एर्लांगेनहून न्युर्नबेर्ग, तिथे गाडी बदलून रोट. पंचवीसेक हजार वस्तीच्या या बव्हेरियन गावात १९८४ पासून ट्रायथलॉन होते. २००२ पासून तिचं नाव ‘चॅलेंज रोट’. आज नंबर घेतले. संघ तिघांचा. ३.८ किलोमीटर पोहणं माझ्याकडे, साधारण १८० किलोमीटर सायकल ऑफिसातल्या सहकाऱ्याकडे आणि ४२.२ किलोमीटर धावणं आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या पोलिश परिचारिकेकडे.

रिले म्हणजे अर्धीमुर्धी ट्रायथलॉन, असं सुनावणारे इथेही भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. एकट्याने उतरणाऱ्याला थकल्यावर थांबायची मुभा असते. तो त्याचा आणि त्याच्या शरीराचा प्रश्न. मी पाण्यातून बाहेर आले नाही, तर दोन माणसांचा वर्षभराचा सराव काठावर उभा राहतो. मला तरी हीच जबाबदारी हवी होती.

शुक्रवार, ५ जुलै

संध्याकाळी युरो कपात जर्मनी-स्पेन सामना, त्यामुळे सकाळीच हिल्पोल्टश्टाइनजवळच्या हॉयबेर्गला जाऊन ज्यात पोहायचं तो कालवा बघून आले. माइन-डॅन्यूब कालवा १९९२ मध्ये पूर्ण झाला. बामबेर्ग ते केलहाइम १७१ किलोमीटर. माइनचं पाणी ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राला जातं, डॅन्यूबचं काळ्या समुद्राला. या दोन खोऱ्यांमधला डोंगर जहाजांनी चढायचा तो पाण्याच्या जिन्याने. एकट्या हिल्पोल्टश्टाइनच्या जलपाशात जहाज जवळजवळ २५ मीटर वर उचललं जातं आणि समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर पोहोचतं. ते प्रचंड दार मी कितीतरी वेळ बघत उभी होते.

आईचा फोन. “कालव्यात? अगं, कालव्यात कुणी उतरतं का?” सांगलीकडच्या माणसाने हे विचारणं साहजिकच आहे. आमच्याकडच्या पाटबंधाऱ्याच्या कालव्याला ओढ असते, काठ अस्तर केलेले, गुळगुळीत. आत पडलेल्याच्या हाताला काही लागत नाही. हा कालवा जहाजांचा. पन्नासेक मीटर रुंद, चार मीटर खोल, आणि पाणी जवळजवळ स्थिर. शर्यतीच्या दिवशी जहाजंही बंद असतात. मी हे सगळं समजावलं. ती म्हणाली, “बरं. पण काठाकाठाने पोह.” आयर्विन पुलाच्या अलीकडे, पाठीला पत्र्याचा डबा बांधून तिनेच मला कृष्णेत सोडलं होतं, तेव्हाही हेच म्हणाली होती.

स्पेनने जादा वेळेत २-१ ने सामना जिंकला. रस्ते एकदम रिकामे झाले.

शनिवार, ६ जुलै

सायकल जमा करायला सहकाऱ्याबरोबर गेले. टायर, ब्रेक, हेल्मेट तपासून आत सोडतात. बदलाची जागा पायाखालून घालून घेतली : पाण्यातून चढ, डावीकडे वळ, तो कुठल्या खांबापाशी उभा असेल ते पक्कं ध्यानात ठेव. लवकर झोपले.

रविवार, ७ जुलै

साडेसहाला तोफ झाली आणि अव्वल खेळाडू पाण्यात गेले. वर गरम हवेचे फुगे, पुलावर माणसांची भिंत. त्यानंतर टोपीच्या रंगानुसार एकेक गट सुटत राहतो, रिलेवाले शेवटी. वेटसूट घालून दोनेक तास वाट बघणं पोहण्यापेक्षा अवघड जातं, कारण तेवढ्या वेळात शरीर सगळ्या शंका विचारून घेतं.

सुरुवातीला लाथा आणि कोपरे. मग मी आईचं ऐकलं आणि काठाकडे सरकले. श्वासाला मान वळवली की दर वेळी काठावर कुणी ना कुणी चालत असलेलं दिसायचं. आजोबा, सायकली हातात धरलेली मुलं. कालव्याला वळण नाही, म्हणून पुढचा पूल डोळ्यांसमोर तेवढाच राहतो, जवळ येत नाही. तिथे मी पुलाकडे बघणं सोडलं आणि फक्त हात मोजले. वळणाच्या फुग्यानंतर खांदे सैल झाले. दीड तासाच्या आत मी बाहेर होते.

वेळ मोजणारी चिप माझ्या घोट्याला. खांबापर्यंत धावत जाऊन वाकले, पट्टा सोडला, त्याच्या घोट्याला बांधला. बोटं गारठून बधीर झाली होती, तेव्हा त्यानेच माझा हात धरून पट्टा दाबला. बोलणं एवढंच झालं : “जा!”

पुढे मी सायकलच्या मार्गावरच्या सोलारच्या चढावर गेले. तिथली गर्दी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगणं कठीण आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं इतकी आत येतात की मध्ये एका सायकलीपुरती फट उरते, आणि ती फट सायकलीपुढे उघडत जाते. अव्वल खेळाडू कधीच पुढे गेले होते. आता येत होते ते शिक्षक, सुतार, बँकेतले कारकून, आणि त्यांच्यासाठीही तोच गजर. आमचा माणूस आला तेव्हा मी मराठीतच ओरडले.

माग्नुस डिटलेव्हने ७ तास २३ मिनिटं २४ सेकंदांत शर्यत जिंकल्याचं बसमध्ये कळलं. स्टेडियममध्ये आने हाउगला मात्र प्रत्यक्ष पाहता आलं : ८:०२:३८, या अंतरासाठी स्त्रियांची तोवरची सर्वोत्तम वेळ. सकाळी तिने हात मारलेल्या पाण्यातच मी उतरले होते. असा खेळ मला दुसरा माहीत नाही, जिथे जगातली सर्वोत्तम बाई आणि सांगलीची एक हौशी पोहणारी एकाच दिवशी एकाच मैदानावर असतात.

साडेआठच्या सुमारास परिचारिका आली. शेवटचे मीटर तिघांनी मिळून धावायचे असतात. तिने आमच्याकडे न बघता दोन्ही हात बाजूंना पसरले, आम्ही ते धरले. तिचा तळहात तापलेला होता. रेषेनंतर ती बसली आणि पहिलं वाक्य बोलली, “उद्या दोन वाजता ड्यूटी आहे.”

सोमवार, ८ जुलै

पुढच्या वर्षीच्या नोंदणीसाठी रोटला आज रांग लागते. सहकाऱ्याने विचारलं, मी पोहण्याचीच बाजू मागितली. परिचारिकेला मात्र आता सायकल हवी आहे, आणि तो ती सोडायला तयार नाही. त्या दोघांचं ठरलं की नाव देऊ.