पळत चाललेय साताऱ्याला!

"मी साताऱ्याला पळायला चाललेय," असं मी जाहीर केलं तेव्हा मैत्रीण शांतपणे म्हणाली, "पळतेस कशाला? रिक्षा कर ना!" आम्हा संभाजीनगरकरांना सातारा म्हटलं की खंडोबाच्या देवळाचा सातारा परिसरच आठवणार. मला जायचं होतं ते कंदी पेढ्यांच्या साताऱ्याला. सातारा हिल हाफ मॅरेथॉन! २०१२ साली सुरू झालेली, २१ किलोमीटरची. निम्मी शर्यत यवतेश्वरच्या घाटाकडे चढायचं आणि निम्मी परत उतरायचं. चितेगावातल्या माझ्या घरापासून शहर पैठण रोडने जवळपास तेवढंच लांब. आम्ही ते बसने जातो, आणि तरी दमतो!

कॉलेजात असताना मी दहा किलोमीटर तासाच्या आत पळायचे. मग मास कॉमची डिग्री, डेडलाइन्स, रात्री अकराला वडापाव... शूज पाच वर्षं कपाटात. मधे तीनदा 'कमबॅक' केला आणि तिन्ही वेळा पंधरा दिवसांत गाशा गुंडाळला. म्हणून यावेळी दूरच्या रेसला नाव घातलं. फी भरली, हॉटेल बुक केलं. पैसे अडकले की माणूस मुकाट पळतो, हा साधा फंडा!

पहिल्या दिवशी दोन किलोमीटरवरच धाप लागली. फर्स्ट शिफ्टच्या कंपनी बसेस शेजारून जात होत्या आणि प्रत्येक खिडकी माझ्याकडेच बघतेय असं वाटत होतं. गल्लीतल्या काकूंनी हटकलंच, "कामून पळायलीस गं? कोण मागं लागलं?"

मागं कोणी नव्हतं, काकू. पुढं होतं. वीस वर्षांची मी! तिन्ही कमबॅकमध्ये मी तिलाच गाठायला बघत होते. यावेळीही दुसऱ्या आठवड्यात पोटरी धरली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

मग घड्याळ घरी ठेवलं. आठवड्यातून तीनच दिवस. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. पहाटेच्या अंधारात बाबा सायकलवर सोबत यायचे. पळता पळता त्यांच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, शब्द तुटले तर हळू व्हायचं. वीस वर्षांच्या मला हे मुळीच आवडलं नसतं. पण दोन महिन्यांत दोनाचे दहा किलोमीटर झाले.

आता प्रश्न चढाचा. आमच्याकडे सगळं सपाट, म्हणून रविवारी स्कूटरने गोगाबाबा टेकडी. तिथं कळलं, चढ दम काढतो, पण मांड्या काढतो तो उतार! उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते. म्हणून उतरायचाही सराव हवाच.

सप्टेंबर उजाडला. पाऊस, घाटात धुकं, हाच रस्ता पुढे कासच्या फुलांकडे जातो. पण फुलं कोण बघतंय? चढावर लोक मला भराभर मागे टाकत होते. वीस वर्षांची मी कानात ओरडत होती, 'पळ ना!' मी चालले. अगदी ठरवून, एक मिनिट. मग पुन्हा पळाले. उतारावर त्यातले कितीतरी जण मला पुन्हा भेटले, मांड्या चोळत!

दोन तास एक्कावन्न मिनिटं. कॉलेजातल्या मला या आकड्याची लाज वाटली असती. पण तिने कधी घाट चढलाच नव्हता की!

आता येत्या रविवारी घरून पळत थेट आमच्या साताऱ्याला, खंडोबापर्यंत. मैत्रीणही येणार आहे. रिक्षाने!