गंगाजळी

आमच्या इंदूरच्या घरी देवघरात आजोबांनी काशीहून आणलेली तांब्याची मोहोरबंद गंगाजळी असे. लहानपणी मी आईला विचारले होते, “वापरायचेच नाही, तर हे पाणी ठेवायचे कशाला?” आई म्हणाली, “ते आहे म्हणून निश्चिंत असतो रे आपण.”

पुढे मी राज्य शासनाच्या कोषागारात नोकरीस लागलो. तेथे न्याय उलटा. ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेली तरतूद रद्द होई. साहजिकच शिल्लक म्हणजे नाकर्तेपणा, असे माझ्या मनाने घेतले.

तो भ्रम १९९१ साली फिटला. आदल्या ऑगस्टात इराकने कुवेत घेतले, तेल भडकले आणि देशाची परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने इंग्लंड व जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवावे लागले. ताईच्या लग्नात स्वतःच्या पाटल्या गहाण टाकलेल्या आईने ती बातमी वाचून एवढेच विचारले, “सोडवून आणतील ना रे?” देशाने ते सोडवले. आईच्या पाटल्या मात्र सुटल्या नव्हत्या.

श्रीलंकेची बातमी वाचताना मला तो प्रश्न आठवला. रुपयाचा भाव टिकवण्यात तेथे डॉलर वेचले गेले. पर्यटन, करवसुली आधीच खालावलेली. मार्च २०२२ मध्ये कागदाअभावी शालेय परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, आणि १२ एप्रिलला सरकारने विदेशी कर्जाची परतफेड थांबवली. चुका सत्ताधाऱ्यांच्या, रॉकेल-गॅसच्या रांगेत मात्र सामान्य माणूस उभा.

शिल्लक राखणे फुकट नसते. गरीब देश आपले डॉलर अमेरिकी रोख्यांत अल्प व्याजाने ठेवतात आणि स्वतः चढ्या दराने कर्ज काढतात. त्या पैशात किती शाळा, किती दवाखाने झाले असते, हा हिशेब मला अजूनही बोचतो. पण रिकाम्या तिजोरीची किंमत याहून जबर असते, आणि ती मोजणारे हात दुबळे असतात.

आई गेली त्या दिवशी गंगाजळीची मोहोर मीच फोडली. घरची गंगाजळी अखेरच्या क्षणासाठी असते. देशाची मात्र वेळीच उघडावी आणि सुगीत पुन्हा भरावी. परवा काशीला निघालेल्या भाच्याजवळ ते रिकामे भांडे मी भरून आणायला दिले.