चार गुणांची किंमत

गेला महिनाभर डोक्यात एकच हिशेब. लेकीला १० मीटर एअर पिस्तूल विदेशी घ्यायचं की देशीवरच भागवायचं? फरक लाखाच्या घरातला. मी जालना एमआयडीसीतला लेथवाला, रोलिंग मिलच्या रोलांना खाचा पाडतो. पैसे नेमके कशाचे ते कळल्याशिवाय खिशात हात जात नाही.

म्हणून रेंजवर सरांसमोर तिचं पिस्तूल व्हाइसमध्ये पकडून पाहिलं. पाच छर्रे, कागदाला एकच भोक! दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे नळीचा दोष नाही. (मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.) मूठ सैल होती, ती लांबी भरून, कानशीने घासून मीच बसवली.

मग सरांनी एक दिवस विदेशी पिस्तूल दिलं. नियमाने ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा, दोन्हींचा तेवढाच. पण देशीचा कधी आधी सुटतो, कधी उशिरा; याचा दरवेळी तिथेच. ६० छर्‍यांत चार गुण वाढले.

"फक्त चार?" मी म्हणालो.

तिने भिंतीवरच्या राही सरनोबतच्या फोटोकडे बोट दाखवलं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेतलं २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण राहीला बरोबरीनंतर दोन शूट-ऑफ खेळून मिळालं होतं.

"बाबा, माझी निवड तीन गुणांनी गेली."

पतपेढीचा अर्ज कालच आणलाय. जामीनदार शोधतोय.